मामा, भाची आणि आमचं कॅबिनेट

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सांता क्लारा नावाचं एक शहर आहे. एनव्हिडियाचं मुख्यालय तिथे. एएमडीचं मुख्यालयही तिथेच. आणि इंटेलचंही तिथेच. गेम खेळायच्या कॉम्प्युटरातली ग्राफिक्स कार्डं ज्यांच्या नावावर खपतात, त्या या तीन कंपन्या. एकीला दुसरीचा वारा सोसत नाही, पण तिघींना पोस्टमन एकच पुरावा. बरं, चिप तरी ज्याची त्याने आपल्या अंगणात घडवावी? तेही नाही. तिघींच्या सध्याच्या गेमिंग कार्डांतली चिप घडते तैवानात, टीएसएमसी नावाच्या एकाच कारखानदाराकडे.

हे ऐकून शिकल्यासवरल्या माणसांना धक्का बसतो. आमच्या दिघ्याच्या माणसाला बसत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एमआयडीसीत ज्याची हयात गेली, त्याला जॉबवर्क म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. एका गाळ्यात दोन लेथ, एक मिलिंग आणि एक गणपतीचा फोटो. सकाळच्या पाळीत एका कंपनीचे व्हॉल्व्ह, दुपारच्या पाळीत तिच्या हाडवैऱ्याचे. ड्रॉइंग वेगळं, चलन वेगळं, कूलंट तेच. संध्याकाळी दोन्ही कंपन्यांचे सेल्समन एकाच टपरीवर चहा पितात आणि आपापल्या व्हॉल्व्हची थोरवी गातात.

याच्या पुढची गोष्ट नात्याची. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग आणि एएमडीच्या प्रमुख लिसा सू हे एकमेकांचे नातेवाईक आहेत. लिसाबाईंच्या आईचे वडील म्हणजे जेन्सनरावांच्या आईचे सख्खे थोरले भाऊ. दोन्ही घरं मूळची तैवानातली, मुलं लहान असतानाच अमेरिकेत गेलेली. नातं लांबचं आहे, पण आहे, हे लिसाबाईंनी स्वतः मान्य केलेलं आहे. मी हे आमच्या आईला सांगितलं. तिने जपमाळ न थांबवता हिशेब लावला.

"म्हणजे तिच्या आईचा आतेभाऊ. मामाच की तिचा."

"हो."

"मग घर एक, गाव एक, कारखाना एक. भांडण कसलं?"

तिकडे भांडण किती आहे ते सांता क्लाराकर जाणोत. आमच्या घरात होतं.

मुलाला ग्राफिक्स कार्ड हवं होतं. तो ऐरोलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे 'अभ्यासाला लागतं' हे वाक्य त्याने पहिल्याच दिवशी वापरून टाकलं. कुठल्या अभ्यासाला ते मी विचारलं नाही. दिवाळीचा बोनस झाला होता आणि मी खुशीत होतो. तीस हजार मंजूर केले. पण तीस हजार ही रक्कम मोठी वाईट. वीस असते तर गपगुमान मिळेल ते घेतलं असतं. तीस हजारांच्या दारात मात्र मामा आणि भाची दोघंही हार घेऊन उभी असतात.

१९ मे २०२५ ला मामांनी आरटीएक्स ५०६० बाजारात आणलं. किंमत २९९ डॉलर. ५ जूनला भाचीने आरएक्स ९०६० एक्सटी आणलं. त्यातल्या ८ जीबीवाल्याची किंमत २९९ डॉलर. एक डॉलर इकडे नाही की तिकडे नाही. डॉलर ८६ रुपयांचा धरला आणि वर आपला १८ टक्के जीएसटी चढवला, की दोन्हींचा हिशेब तीस हजार तीनशेच्या घरात जातो. मेमरी दोघांची ८ जीबी. मेमरीपर्यंतचा रस्ता दोघांचा १२८ बिटांचा. वीज एकाला १४५ वॉट, दुसऱ्याला १५०. पाच वॉटचा फरक! आमच्या देव्हाऱ्यातला झीरोचा बल्ब याहून जास्त खातो.

मग फरक आहे कशात? आहे, आणि तो मोजून घातलेला आहे. मामांच्या कार्डातली मेमरी नव्या पिढीची, जीडीडीआर ७. भाचीची जुनी, जीडीडीआर ६. म्हणावं, मामा पुढे. तर मामांचं कार्ड मदरबोर्डाशी आठ लेनमधून बोलतं आणि भाचीचं सोळा. नवा मदरबोर्ड असेल तर आठ लेन पुरतात. आमच्यासारखा जुना, पीसीआय एक्सप्रेस ३ च्या जमान्यातला असेल, आणि कार्डावरची मेमरी भरली, की मग त्या आठ लेनवर वाहतूक तुंबते. एकाला मेमरी वेगवान द्यायची आणि लेन कमी करायच्या, दुसऱ्याला लेन भरपूर द्यायच्या आणि मेमरी जुनी ठेवायची. टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला यात एक गोष्ट ताबडतोब दिसते: इथे वस्तू करून मग तिची किंमत काढलेली नाही. किंमत आधी ठरली आहे आणि वस्तू मागाहून त्या मापाला कापली आहे.

कापणं हे मी लाक्षणिक अर्थाने म्हणत नाही. मामांचंच ५०६० टीआय म्हणून जे वरचं कार्ड आहे, त्याच्यात आणि या ५०६० मध्ये चिप एकच बसवलेली असते. वरच्यात ४,६०८ कोअर चालू, खालच्यात ३,८४०. उरलेले बंद करून ठेवलेले. काही चिपांत घडवतानाच काही कोअर बिघडतात. ते बंद करायचे आणि राहिलेल्या चिपेला वेगळा नंबर द्यायचा. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ छताकडे बघत होतो. आमच्याकडे भोक दहा मायक्रॉनने चुकलं तर त्या पीसवर लाल रंग मारून तो रिजेक्शनच्या ट्रेमध्ये जातो आणि सुपरवायझर तीन पिढ्या उद्धरतो. तिकडे त्याच पीसला खोका शिवतात, खोक्यावर ड्रॅगन काढतात आणि मुलं रांगा लावतात.

दोघांत निवड करता येईना, तेव्हा मुलाने वर पाहायला सुरुवात केली. तीस हजारांच्या कार्डाचा खरा उपयोग हाच, त्याच्यावर उभं राहिलं की पस्तिसाचं दिसतं. "बाबा, पन्नास डॉलर फक्त जास्त, पण मेमरी दुप्पट, १६ जीबी." हे भाचीचं दुसरं कार्ड, ३४९ डॉलरवालं. तिथे पोचलो तर मामांचं ५०६० टीआय ३७९ ला उभं, पण ८ जीबीचं. म्हणजे पैसे वाढले आणि मेमरी निम्मी झाली. ती परत मिळवायला ४२९. आणि इतके घालायचेच तर मग थोडे अजून घालून ५४९ च्या पायरीला का जाऊ नये? त्या पायरीवर ५ मार्च २०२५ ला मामांचं ५०७० आलं आणि दुसऱ्याच दिवशी भाचीचं ९०७०. दोन्ही ५४९ डॉलर. भाचीने तर नंबरसुद्धा मामांच्या नंबराशी जुळेल असा निवडला. तीस हजारांत सुरू झालेली चढण पंचावन्न हजारांच्या वर गेली, आणि तिथेही शेवटी कोण भेटलं? तीच दोघं, त्याच एका भावात. मी मुलाला हात धरून खाली आणलं.

इथवर प्रकरण घरात होतं. मग ते गावात गेलं.

दिघा म्हटलं की बाहेरच्यांना समुद्रकिनारा आठवतो. तो बंगालातला दिघा. आमच्या दिघ्याला समुद्र नाही. पुढे रस्ता, मागे पारसिकचा डोंगर, एका अंगाला कळवा, दुसऱ्या अंगाला ऐरोली, आणि या सगळ्यांच्या मधल्या जागेत धूळ. इथे सल्लागार पैशाला पासरी मिळतात. पूर्वी ते पाण्याची मोटार, जागेचे कागद आणि मूळव्याध या विषयांवर सल्ला द्यायचे. त्यांची मुलं ग्राफिक्स कार्डावर देतात. गणपतीपाड्याहून येणारा एक हिरवा आहे, म्हणजे एनव्हिडियाचा. विष्णूनगरचा एक लाल, एएमडीचा. दोघांकडे स्वतःचं कार्ड नाही. निष्ठा मात्र अशी की समोरच्या कंपनीचं नाव निघालं तर चहा अर्धा टाकून उठतील. हिरवा म्हणतो, डीएलएसएस बघ. लाल म्हणतो, पैसे मेमरीला दे, शेंड्याला देऊ नकोस.

तिसरा एक निळा आहे, इंटेलवाला. तो इलठणपाड्याचा, मितभाषी. त्याचं म्हणणं, आर्क बी५८० घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये आलं, २४९ डॉलर, आणि मेमरी १२ जीबी. हे ऐकून क्षणभर सगळे गप्प झाले, कारण आकडे खरे होते. मग लालाने विचारलं, मदरबोर्ड जुना आहे, रीसायझेबल बार नावाची सोय चालू होते का त्यावर? ती नसेल तर आर्कची चाल निम्म्यावर येते असं नाही, पण दुखते. शिवाय ते १९० वॉट ओढतं. मी तिथेच हिशेब मांडला. ५०६० पेक्षा ४५ वॉट जास्त, रोज तीन तास, वर्षाचे झाले ४९ युनिट. युनिटचे दहा रुपये धरले तर पाचशे रुपये. "पाचशेच ना," मुलगा म्हणाला. रोज तीन तास खेळणार हे त्याने नकळत कबूल केलं होतं, ते त्याच्या आईच्या बरोबर लक्षात आलं.

आणि चौथा एक गट असतो, थांबणाऱ्यांचा. "आत्ता घेऊ नका काका. जानेवारीत नवीन येतंय." यांचं जानेवारीत पुढच्या जूनमध्ये येतंय आणि जूनमध्ये दिवाळीला येतंय. दिघ्यात थांबणाऱ्यांना मान आहे, कारण आमचा तो अनुभवच आहे. इथलं दिघा गाव स्थानक बांधून तयार होतं, फलाट होता, पाटी होती, आणि ट्रान्स-हार्बरच्या गाड्या समोरून न थांबता जात होत्या. शेवटी १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं. ग्राफिक्स कार्डांचं बरोबर उलटं असतं. तिथे उद्घाटन आधी होतं, टाळ्या वाजतात, आणि वस्तू दुकानात यायला महिना जातो.

पण या वेळी थांबणाऱ्यांचं चुकलं. २०२५ च्या शेवटी मेमरीचे भाव भडकायला लागले. कारण पाहायला दूर जायला नको. आमच्या पट्ट्यात रबाळे, महापे करत खाली गेलात तर जुन्या कारखान्यांच्या जागी बिनखिडक्यांच्या उंच इमारती दिसतील. ती डेटा सेंटरं. जगभर अशा इमारती एआयसाठी उभ्या राहताहेत आणि मेमरीचा सगळा माल आधी त्यांच्या दारात उतरतो. मामांचा खरा धंदा आता तोच आहे. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाची उलाढाल १३०.५ अब्ज डॉलर झाली. त्यात डेटा सेंटरचे ११५ अब्जांवर, गेमिंगचे ११ अब्जांच्या आसपास. आमचा मुलगा ज्या मामांच्या चिपेसाठी जेवायचा थांबला होता, त्यांच्या ताटात तो लोणच्याइतकासुद्धा नव्हता.

आता आकड्यांबद्दल. मुलाने एक वही केली होती. डावीकडे खेळाचं नाव, पुढे मामा किती, भाची किती. हे 'किती' म्हणजे एफपीएस, एका सेकंदात कार्ड किती चित्रं काढून दाखवतं तो आकडा. एका खेळात मामा ८३, भाची ७९. पुढच्यात भाची ९१, मामा ८८. कुठे मामा पाचने वर, कुठे भाची चारने. वही त्याने अशी सजवली होती की त्याच्या मॅथ्स-थ्रीच्या सरांनी पाहिली असती तर डोळे भरून आले असते. मी चष्मा लावून पाहिली आणि सवयीने पेन्सिलने कडेला 'ओके' असं लिहीत गेलो.

"बाबा, ओके काय?"

"टॉलरन्समध्ये आहे."

"पाच टक्के फरक आहे!"

"तुझा मॉनिटर किती हर्ट्झचा?"

याला उत्तर आलं नाही. घरात फक्त आईच्या जपमाळेचे मणी वाजत होते. आमचा मॉनिटर साठ हर्ट्झचा आहे. म्हणजे कार्डाने सेकंदाला त्र्याऐंशी चित्रं काढली काय किंवा एकोणऐंशी काढली काय, पडदा दाखवणार साठ. ती वरची चार चित्रं, ज्यांच्यावरून गणपतीपाडा आणि विष्णूनगर यांच्यात बोलणं बंद होतं, ती कुणालाच कधी दिसणार नव्हती. यावर मुलगा म्हणाला, "म्हणूनच मॉनिटरपण बदलायला लागेल." या पोराचं टूलरूममध्ये जमणार नाही. सेल्समध्ये चांगलं जमेल.

हिरव्याचा डीएलएसएसवरचा हट्ट मात्र मी समजून घेतला, कारण त्यात कसब आहे. कार्ड कमी बारकाव्याचं चित्र काढतं आणि एआय ते मोठं, रेखीव करून दाखवतं. इथवर ठीक. पण ५० च्या मालिकेत मामांनी पुढची मजल मारली: कार्ड एक चित्र खरं काढतं आणि पुढची तीनपर्यंत चित्रं एआय अंदाजाने रंगवतं. म्हणजे पडद्यावर आलेल्या चारांपैकी तीन खेळात घडलेलीच नाहीत! याच हिशेबाच्या जोरावर जानेवारी २०२५ मध्ये मामांनी चामडी जॅकेट घालून जाहीर केलं की ५४९ डॉलरांचं ५०७० हे आदल्या पिढीच्या ४०९० ची कामगिरी देईल. त्या ४०९० ची किंमत १,५९९ डॉलर होती. चार पीसांपैकी एकच गेजला लावला आणि तीन 'असतीलच बरोबर' म्हणून पास केले, असं आमच्या इन्स्पेक्शनवाल्याने एकदा केलं होतं. त्याला मात्र जॅकेट मिळालं नाही, मेमो मिळाला.

नावांचा तर या धंद्यात धर्मच बुडालेला आहे. २०१६ साली जीटीएक्स १०६० आलं, एक ६ जीबीचं, एक ३ जीबीचं. नाव तेच, त्यामुळे लोकांना वाटलं फरक मेमरीचाच. आत पाहिलं तर कोअरही कमी, १,२८० च्या जागी १,१५२. त्याआधीच्या जीटीएक्स ९७० ची ४ जीबी मेमरी भरत आली की शेवटचा अर्धा जीबी कासवाच्या चालीने चालायचा. अमेरिकेत खटला झाला आणि कार्डामागे तीस डॉलर द्यायचं ठरलं. सगळ्यात कमाल २०२२ ची. सप्टेंबरात मामांनी ४०८० या एकाच नावाची दोन कार्डं जाहीर केली, १६ जीबीचं आणि १२ जीबीचं. लोकांनी इतका शिमगा केला की ऑक्टोबरात १२ जीबीवाल्याचं नाव परत घेतलं. पुढच्या जानेवारीत तेच कार्ड ४०७० टीआय या नावाने आलं, शंभर डॉलरांनी स्वस्त होऊन. बारसं उलटं फिरवल्याची ही जगातली एकमेव घटना असावी. भाचीचंही काही वेगळं नाही. ९०६० एक्सटी ८ जीबी आणि १६ जीबी या दोघांचं नाव एकच ठेवून तीही त्याच वाटेने गेली आहे. शेवटी वळण मामाचंच.

आमच्या सौभाग्यवतींनी या सगळ्या काळात एकदाच तोंड घातलं.

"दोन्ही सारखीच आहेत ना? मग स्वस्त असेल ते आणा."

"आई, किंमतपण सारखीच आहे."

"मग पांढरं नको. धूळ दिसते."

हा सल्ला मला कुठल्याही तज्ज्ञाच्या व्हिडिओत मिळाला नव्हता, आणि दिघ्यासाठी तोच लाखमोलाचा. आमच्याकडे खिडकी दोन बोटं उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत टीव्हीवर नाव लिहिता येतं. कार्डाचे पंखे ही धूळ आत ओढणार, पट्ट्यांच्या मधे तिचं ब्लँकेट होणार, आणि मग कार्ड तापून स्वतःची चाल कमी करणार. मामा आणि भाचीत पाच टक्के आहेत; साफ ठेवलेलं आणि न ठेवलेलं यांत त्याहून सहज जास्त निघतील. मी लगेच कॅबिनेटचं झाकण उघडलं. आत एक वाळलेली पाल निघाली. तिचं त्या कॉम्प्युटरात किती दिवस वास्तव्य होतं, ते हार्ड डिस्कलाच ठाऊक.

झाकण उघडलंच होतं म्हणून व्हर्निअर आणि स्टीलची पट्टी काढली. मागच्या पत्र्यापासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत जागा भरली २७२ मिलिमीटर. पिंजरा रिव्हेटने ठोकलेला, निघणारा नाही. हा आकडा मुलाच्या वहीत कुठेच नव्हता. कंपनी चिप विकते. खोक्यातलं कार्ड आसूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर असे वेगवेगळे लोक बांधतात, आणि एकाच चिपेवर कुणी दोन पंखे लावतो, कुणी तीन. तीन पंख्यांचं कार्ड तीनशे मिलिमीटरच्या आसपास जातं. मुलाला तीनच पंखे हवे होते, कारण तीन म्हणजे दोनपेक्षा एक जास्त.

मग लॅमिंग्टन रोडला गेलो. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून मधल्या वारी रजा टाकली. दिघा गावहून ठाणे, ठाण्याहून दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला उतरून पूर्वेला चालत पाच-सात मिनिटं. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ते नाव सांगून टॅक्सीत बसाल तर ड्रायव्हर तुम्हाला पाहुणा समजेल. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षं चालला. आता इथे कुठलीही गोष्ट पाच महिन्यांत जुनी होते आणि मग पुढच्या गल्लीत सेकंड हँड म्हणून मिळते.

दुकान म्हणजे आठ फुटांचं काउंटर. मागे छतापर्यंत खोकी, आणि पुढे आमच्यासारखे बाप-लेक, सगळ्यांचे चेहरे हॉस्पिटलच्या ओपीडीतल्यासारखे. काउंटरवरचा पोरगा कल्याणचा निघाला. त्याने आमच्याकडे न बघता विचारलं, "बजेट?"

"तीस," मुलगा म्हणाला. "पण थोडं वर गेलं तरी—"

"तीस," मी म्हणालो.

"पन्नास साठ की नव्वद साठ?"

त्याच्या तोंडून पाढे म्हटल्यासारखे आकडे येत होते. मुलाने वही उघडली. पोराने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला फार सहानुभूती दिसली. अशा वह्या त्याच्या समोर रोज उघडत असाव्यात. त्याने दोन्ही खोकी समोर ठेवली. एकावर यंत्रमानवाचा डोळा, दुसऱ्यावर काहीतरी पेटलेलं.

मुलाने डोळ्याकडे पाहिलं, पेटलेल्याकडे पाहिलं, पुन्हा डोळ्याकडे पाहिलं. मागून एक गृहस्थ खांद्यावरून वाकून म्हणाले, "सोळा जीबी घ्या." त्यांच्या मागचा म्हणाला, "काही गरज नाही." ते दोघं एकमेकांना ओळखत नव्हते, पुढची दहा मिनिटं ओळखू लागले. मी खिशातून पट्टी काढली.

"काका, काय करताय?"

"याची लांबी किती?"

पोराने खोकं उलटं करून बारीक अक्षर वाचलं. "तीनशे चार."

"नो-गो. दोन पंख्यांचं दाखव."

त्याने मागे वळून खोक्यांच्या मनोऱ्यात हात घातला. एकाचं दोन पंख्यांचं मॉडेल होतं, २४५ मिलिमीटर. दुसऱ्याचं दोन पंख्यांचं संपलं होतं. "उद्या येईल. परवा नक्की. भाव मात्र आजचा नाही सांगत, वरून वाढतोय." मी रजेचा विचार केला, दादरच्या पुलाचा विचार केला आणि शिल्लक होतं त्या खोक्यावर बोट ठेवलं. मुलाने हरकत घेतली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्यासमोर एकच पर्याय होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला सुटका म्हणतात.

"रंग काळाच ना?" एवढं मी विचारून घेतलं. काळाच होता.

"बिल?"

"जीएसटीचं पक्कं. वॉरंटी लागते."

"पेमेंट कार्डने केलं तर दोन टक्के वरती."

"यूपीआय."

पोराने बिलावर सीरियल नंबर लिहिला, खोक्यावरचा आणि कार्डावरचा दोन्ही ताडून पाहिले, शिक्का मारला. मुलाने खोकं छातीशी धरलं, वर लिहिलेलं सगळ्यांना दिसेल असं. पोराने ते हळूच त्याच्या हातातून काढून घेतलं, काउंटरखालून एक जाड काळी पिशवी काढली, खोकं तिच्यात घातलं आणि वरून गाठ मारली.

"लांब जायचंय ना? गाडीत उघडू नका."

"चोऱ्या होतात काय?" मी विचारलं.

"चोऱ्या नाही हो काका. लोक सल्ला देतात."

मी गाठ आणखी एकदा आवळली. कुठलं घेतलं ते मी याच कारणाने इथेही लिहीत नाही.